शेवटच्या सोळा पानांचा ठराव

पुस्तक वाचल्याने माणूस समृद्ध होतो, आणि पुस्तकावर चर्चा केल्याने तो न वाचताही होतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. आमच्या वसाहतीच्या वाचक मंडळाने यातला दुसरा मार्ग पत्करला, कारण त्याचा त्रास गुडघ्यांखेरीज दुसऱ्या कशालाच होत नाही. (गुडघ्यांचे पुढे येईलच.)

मंडळाचा चिटणीस या नात्याने मी गेल्या सात महिन्यांचा अहवाल सादर करतो. यंदा आम्ही जपानी साहित्य घेतले. जपानीच का, असे एकाने विचारले होते. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "तिथे माणसं कमी बोलतात." अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. समोरच्याचे तोंड उघडे ठेवून आपणच बोलत राहायचे, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. त्यामुळे विषय एकमताने मंजूर झाला.

साहित्य जपानी तर बागही जपानी हवी, असे वास्तुरचनाकार वहिनींनी सुचवले. त्यानुसार वसाहतीच्या बागेतला गुलाबाचा वाफा काढून तिथे पांढरी खडी पसरण्यात आली आणि तिच्यावर दाताळ्याने रेघा ओढण्यात आल्या. बाके गेली, चटया आल्या. (पहिल्या बैठकीनंतर चार सभासदांना उठवायला सहा सभासद लागले.) गळलेली पाने झाडू नयेत, त्यांत क्षणभंगुरता असते, अशी सूचना माळीकाकांना देण्यात आली. दोन आठवड्यांत क्षणभंगुरता घोट्यापर्यंत आली. तेव्हा सुधारित सूचना निघाली: सगळी पाने झाडावीत आणि मग त्यांतली अकरा परत टाकावीत. माळीकाका या बागेत वीस वर्षे आहेत. त्यांनी अकरा पाने मोजून टाकली आणि विचारले, "वाऱ्याने बारावं पडलं तर उचलू का?" हा प्रश्न उपसमितीकडे आहे.

कादंबरीची प्रत मुद्दाम एकच घेतली, म्हणजे ती हातोहाती फिरेल आणि आपुलकी वाढेल. आपुलकी इतकी वाढली की "आधी तुम्ही न्या", "छे छे, तुम्हीच" करता करता ती प्रत कोणाच्याच घरी गेली नाही. शेवटी ती बागेतल्या अवजारांच्या खोलीत, फवारणीच्या पंपाशेजारी ठेवली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बाहेर निघे, खडीवर मधोमध विराजमान होई आणि बैठक संपली की पुन्हा पंपाशेजारी जाई. तिच्यातली खूण तेविसाव्या पानावर होती. ती माझी. तेवढ्यावर मंडळात मला अभ्यासू समजत.

चर्चा मात्र उत्तम झाल्या. 'मौन' हा शब्द एकशे चौदा वेळा आला. मौनावरची खास बैठक तर दोन तास दहा मिनिटे चालली आणि तीत कोणी कोणाला बोलू दिले नाही. मलपृष्ठावरून एवढे कळले होते, की एका म्हाताऱ्याची मुलगी भांडून निघून जाते, तो बाग राखत दिवस काढतो आणि शेवटी तिच्या दारापर्यंत जातो. या शेवटावर दोन बैठका झाल्या. "तो शेवट अंगावर येतो," असे वहिनी म्हणाल्या. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

सातव्या बैठकीत माळीकाका झाडू भिंतीला टेकवून चटईच्या कडेला येऊन उभे राहिले.

"साहेब, एक विचारायचं होतं. तुम्ही सगळ्यांनी वाचलंय म्हणून. त्या मुलीने दार उघडलं का?"

मंडळाचा बिनसाखरेचा हिरवा चहा तोवर कोणी संपवल्याची नोंद नव्हती. त्या क्षणी सगळे पेले रिकामे झाले.

माळीकाकांनी दुपारच्या सुट्टीत, त्या खोलीत बसून, अख्खी कादंबरी वाचली होती. दोनदा. का, तेही त्यांनी सांगून टाकले. "माझी मुलगी दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही. तिने मनासारखं लग्न केलं, मी नको नको ते बोललो. आता जावं की न जावं, काही सुचत नाही. हा म्हातारा तरी जातो, दार वाजवतो, आणि मग..."

"मग काय झालं ते लेखकाने सांगितलेलं नाही," अध्यक्ष मायेने म्हणाले. "न सांगण्यातच सौंदर्य असतं, काका."

"सांगितलं नाही असं नाही, साहेब. पानंच नाहीत."

त्यांनी पुस्तक उघडून दाखवले. बांधणीत चूक झाली होती. शेवटची सोळा पाने आलीच नव्हती. त्यांच्या जागी आधीचीच सोळा पुन्हा शिवली होती. म्हातारा मुलीचे दार वाजवून पान उलटताच पुन्हा आपल्या घरी येऊन तेच रोप लावत होता. आमच्या अंगावर आलेला शेवट आमच्या प्रतीत नव्हताच.

दुसरी प्रत मागवणे सोपे होते. पण पहिली अपुरी आहे हे सात महिने कोणाच्या लक्षात कसे आले नाही, याचे उत्तर वसाहतीला द्यावे लागले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. तातडीच्या बैठकीत ठराव झाला, की गहाळ पाने हा कलाकृतीचा अविभाज्य भाग समजावा. पुस्तक यापुढे काचेच्या पेटीत, कुलपात ठेवावे. आणि अवजारांच्या खोलीत कोणी वाचन करू नये (फवारणीची औषधे पाहता, आरोग्याच्या दृष्टीने). ठराव मीच लिहिला. लिहिताना मला लाज वाटली, पण लाज इतिवृत्तात घेण्याची पद्धत नाही.

माळीकाकांना तो वाचून दाखवला.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी दोन दिवसांची रजा मागितली. "मीच जाऊन बघतो."

बुधवारी ते परत आले. आल्या आल्या त्यांनी बागेतली सगळी पाने झाडली, त्या अकरांसकट, आणि खडी बाजूला सारून गुलाबाचे एक कलम लावले. कलम कुठून आणले, मुलीने दार उघडले का, हे त्यांना एका वाक्यात विचारता येईल. आम्ही सगळे रोज त्यांच्यासमोरून येतो-जातो. अजून कोणी विचारलेले नाही. विचारले तर पुस्तकाचा विषय निघेल. मीही विचारलेले नाही, म्हणून या अहवालात ते नाही.

मंडळात नवे सभासद घेणे चालू आहे. अर्जाची गरज नाही. आत्ता हे वाचून ज्यांनी "वा, शेवट वाचकावर सोडलाय" म्हणून मान डोलावली, त्यांची नावे मी यादीत घेतली आहेत. रविवारी सकाळी यावे. फाटकापाशी माळीकाका असतील, त्यांना काही विचारू नये.