मधलं पान वाचणारे नाना

सुकदेवनानांनी आपली पुढची खोली मला दिली, हे आधी सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल हसण्यासारखं बरंच लिहिणार आहे. उपकार शेवटी सांगितले तर ते हसण्यात वाहून जायचे. जळगावात आज संध्याकाळी माझ्या घरात भाताला उकळी येते, ती त्या खोलीमुळे.

आता नाना. नाना कुठलीही गोष्ट पहिल्या पानापासून वाचत नसत. कागदांचा जुडगा हातात आला की मान वर करून, छपराच्या पत्र्याकडे बघत, अंगठा मधोमध घालायचे. उघडेल ते पान वाचायचे आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचे.

"नाना, सुरुवात तरी बघा की," लिहिणारा कळवळायचा.

"पोत्याच्या तोंडाशी बठ्ठे चांगलाच माल ठेवतात भाऊ."

बठ्ठे म्हणजे सगळे. हे त्यांच्या धंद्यातलं होतं. आमची डाळ मिल. तुरीची पोती आली की नाना हातात परखी घेऊन उभे. परखी म्हणजे एक टोकदार पोकळ नळी. ती पोत्याच्या पोटात खुपसली की मधले दाणे हातावर येतात. नाना एक दाणा दाताखाली धरायचे, कट् असा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "ओली शे." मग शेतकरी असो की दलाल, कोणी वाद घालत नसे.

गोष्टी कसल्या, तेही स्पष्टच सांगतो. चावट. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. बस स्टँडवर पिवळ्या कव्हरची पुस्तकं मिळायची, पण ती सगळ्यांची वाचून पाठ झाली होती. मग कोणीतरी स्वतःच लिहायला घेतलं, दुसऱ्याने त्यावर ताण केली, आणि एका मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये रद्दी कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेल्या गोष्टी फिरायला लागल्या. असोद्याहून यायच्या. दीपनगरहून कोणाचा तरी मेहुणा पाठवायचा. लेखकाचं नाव कुठेच नसायचं आणि अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं असायचं. पण नानांच्या हाताखालून गेल्याशिवाय आमच्या मिलमधून गोष्ट पुढे सरकत नसे. त्यांना हे काम कोणी दिलं, विचारू नका. जेवणाच्या सुट्टीत पोत्यांच्या थप्पीमागे डबे उघडायचे, नाना भाकरीचा घास मोडायचे आणि म्हणायचे, "आना. काय माल शे?"

वाचताना त्यांचा चेहरा तूर बघताना असायचा तसाच. ना हसणं, ना लाजणं. भोवती दहा माणसं कान टवकारून बसलेली आणि नाना मधल्या पानावर बोट ठेवून विचारणार, "ही दुपार कोणत्या महिन्याची शे?"

आमच्याकडचा मोठा लेखक म्हणजे काट्यावरचा सुभाष. ट्रक वजनाला काट्यावर चढला की उतरेपर्यंत हा अर्धं पान लिहून मोकळा. तो म्हणाला, "मे महिना आहे नाना. लिहिलंय की, सुट्टीचे दिवस."

"मे महिना. दुपार. वर पत्रा. आणि हा बुवा तिले मिठी मारी राह्यना?" नानांनी सगळ्यांकडे पाहिलं. "जळगावात मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली माणूस आपल्याच अंगाला हात लावत नाही. आधी घागरभर पाणी ओत डोक्यावर, मग लिही."

दुसऱ्या गोष्टीत शेजारणीचा नवरा दौऱ्यावर गेला होता. सुभाषच्या सगळ्याच गोष्टींत तो दौऱ्यावर असायचा.

"कुठे दौऱ्यावर?"

"असेल कुठेतरी. मुंबईला."

"इथला माणूस गावाला जातो तो लग्नाला नाहीतर मयताला. आणि दोन्हीकडे बायकोला घेऊन जातो. मग ही घरी कशी राहिली? सासू कुठे शे? पोरं कुठे? खाट वाजत नाही का? भिंत तर एकच शे!"

सुभाष कपाळाला हात लावायचा. "नाना, एवढं सगळं घातलं तर मग ते कधी घालू?"

"नको घालू. ते बठ्ठ्यांना माहीत शे."

निकालही डाळीच्याच भाषेत. उगाच लाडिक, सजवून लिहिलेलं असलं की "पॉलिश जास्त." दुसऱ्याची ढापलेली असली की "जुना माल, भुंगा लागेल शे." आणि अगदीच वाया गेलेली असली की "चुणी." डाळ भरडल्यावर खाली राहतो तो भुसा आणि बारीक कणी म्हणजे चुणी. ती ढोरांना घालतात. सुभाषच्या गोष्टी बहुतेक ढोरांपुढेच पडायच्या. पण तो चिवट. दुसऱ्या दिवशी नवी हजर.

या सगळ्यात नानांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, यात बाई काय बोलते. कागद परत करताना ते विचारायचे, "येनामा बाई काय बोलते?"

"बोलते की. 'अहो, सोडा ना' म्हणते."

"ते तू बोलतोस. तिच्या तोंडून. बाई काय बोलते ते सांग."

यावर लिहिणारा कागद घेऊन उठायचा. त्यामुळे मी पोती शिवायच्या मशीनवर लागलो तेव्हापासून नानांनी एकही गोष्ट पहिल्या प्रतीची ठरवलेली मी पाहिली नव्हती. चालेल, एवढंच म्हणायचे. चालेल म्हणजे फिरवा.

मी कोकणातला, देवगडकडचा. आठवीत शाळा सुटली आणि ओळखीच्या एका ट्रकवाल्याबरोबर इथे आलो. नाना मला कोकण्या म्हणत. माझ्याशी बोलताना ते जमेल तेवढं शुद्ध बोलायचे, पण राग आला किंवा आतून काही हललं की पुरते अहिराणीत उतरायचे. मला सुरुवातीला त्यातलं काही कळत नसे. मी घाबरून "होय होय" म्हणायचो. तसा मी सगळ्यालाच घाबरायचो. मशीनचा दोरा तुटला तरी वाटायचं, आता काढून टाकतात.

त्या वर्षी गावी माझं लग्न झालं. थोडे दिवस राहिलो आणि एकटाच परत आलो, कारण इथे मी मिलमध्येच चौघांबरोबर झोपत होतो. बायको, सुमन, माझ्या आईवडिलांकडे. आमच्या घरी पत्र आलं की वडील ते पडवीत बसून मोठ्याने वाचतात, आणि वाटेने जाणारा माणूसही टेकून ऐकतो. तिथे बायकोला काय लिहिणार? "सर्व क्षेम. इकडे ऊन फार." एवढंच. तिकडून यायचं, "सौ. सुमनचा नमस्कार." तोही वडिलांच्या अक्षरात. मग एक दिवस पोस्टकार्ड आलं. सूनबाई माहेरी गेली आहे. परत येत नाही म्हणते. नवऱ्याला ठेवायची नसेल तर तसं कळवा, असं तिचा भाऊ विचारून गेला.

मी ते कोणाला सांगितलं नाही. पोती उलटी शिवायला लागलो, तेवढ्यावरून सुभाषने ओळखलं की काहीतरी आहे.

"नवीन नवरा आहेस तू," तो म्हणाला. "आम्ही लिहितो ते मनाचं. तू तर खरं लिहिशील. घे कागद."

सगळ्यांनी हसून घेतलं. मला नाही म्हणता आलं नाही. मी लिहायला बसलो. सुरुवात सुभाषच्याच वळणाची केली. गोरीपान शेजारीण, चांदणं, वगैरे. शेवट एका पिवळ्या पुस्तकातला आठवला तो घातला. मधलं काही सुचेना. मला त्यातलं माहीत होतं ते एकच, म्हणून मधे तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी थप्पीमागे सगळे जमले. नानांनी पत्र्याकडे बघत अंगठा घातला आणि मधलं पान उघडलं.

त्यात असं होतं. तिने कंदिलाची काजळी पदराने पुसली आणि पदर काळा झाला म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या. मग विचारलं, "थंय पाणी कधी येता?" तो म्हणाला, दिवसाआड. ती म्हणाली, "मग न्हाताय कधी?" तो म्हणाला, दिवसाआड. ती तोंडावर हात धरून इतकी हसली की बाहेरून सासू खाकरली. मग कंदील बारीक करून तिने हळू विचारलं, "माका थंय व्हरतलात काय हयच ठेवतलात?" तो गप्प राहिला.

नानांनी ते पान वाचलं. घास हातातच होता. दुसऱ्यांदा वाचलं. भोवतालचे म्हणायला लागले, "मोठ्याने, नाना, मोठ्याने." नानांनी कागदांची घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"हा माल फिरणार नाही."

"का? एवढा गरम आहे का?" सुभाष पुढे सरकला.

"बठ्ठा माल विकाले नही शे," नाना म्हणाले आणि डबा बंद करून उठले. अर्धी भाकरी तशीच.

मला वाटलं, संपलं. आता हा म्हातारा मला शेठपुढे उभा करणार. दुपारभर माझ्या मशीनचा दोरा तुटत राहिला. सुट्टी व्हायच्या वेळी नाना आले, पोत्यावर टेकले.

"व्हरतलात म्हंजे काय?"

"नेणार का, असं."

"तिनं नाव काय शे?"

"सुमन."

"मंग? तू काय सांगं तिले?"

"गोष्टीत लिहिलंय ना, नाना. तो गप्प राहिला."

"तथंच खडा शे," नाना म्हणाले. मग मला समजावं म्हणून सावकाश, शुद्धात, "तिने विचारलं त्याचं उत्तर अजून बाकी आहे. ते जाऊन दे. कागदावर नको. पडवीतल्यांना ऐकायला नको. जाय, लई ये तिले."

"ठेवू कुठे?"

"माझी पुढची खोली रिकामी शे. मला एकट्याला काय करायची?"

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी परखीच्या मागच्या टोकाने माझा खांदा ढकलला. "दोरा भर आधी मशीनमधे."

शेठकडून रजाही त्यांनीच मिळवली. काय सांगितलं माहीत नाही. शेठ मला म्हणाले, "जा, माल भिजायच्या आत घेऊन ये म्हणतो सुकदेव."

मी सासुरवाडीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहिलो तेव्हा तिचा भाऊ, आई, शेजारी, सगळे होते. मला भाषण येत नाही. मी तिलाच म्हटलं, "व्हरतलंय. खोली मिळाली." तिने सगळ्यांसमोर विचारलं, "पाणी?" मी म्हटलं, "दिवसाआडच." ती आत गेली. माझा जीव गेला. मग ती ट्रंक घेऊन बाहेर आली.

जळगावात सुमन आली आणि पहिल्याच संध्याकाळी नानांच्या दारात उभी राहून म्हणाली, "नानानू, तुमी भात खातास मा?" नाना कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, मालवणी कळली नाही. कळली होती. त्या घरात त्यांना काही विचारणारं कोणी नव्हतं, एवढंच. मग त्या दोघांचं चांगलंच जमलं. ती मालवणी बोलायची, नाना अहिराणी. निम्मं निम्मं कळायचं आणि तेवढ्यावर गप्पा तासभर चालायच्या. सुमनला गोष्टींचंही कळलं. "मेल्यांका कामधंदो नाय," म्हणाली, पण मेच्या दुपारची मिठी ऐकून तिला ठसका लागला.

नानांची एक खोड मला इतक्या दिवसांत कळली नव्हती. ती तिने ओळखली. महिन्यातून एका रविवारी नाना इस्त्रीचा सदरा घालत, केळ्यांची फणी घेत आणि धुळ्याची एसटी पकडत. संध्याकाळी परत. सुमन मला म्हणाली, "नाना केळी घेऊन जातात आणि तीच केळी परत आणतात. उन्हाने काळी पडलेली. बघितलंत?"

मी कधी बघितलं नव्हतं. बघितलं असतं तरी मी विचारलं नसतं. पुढच्या खेपेला नाना परत आले तेव्हा तिने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि सरळ विचारलं, केळी कोणासाठी नेता.

नानांनी केळ्यांकडे पाहिलं. मग सांगितलं. त्यांची बायको, अक्का, धुळ्याला आपल्या भावाकडे असते. भावाच्या घरच्या लग्नाला म्हणून गेली, ती राहिलीच. मी म्हटलं, भांडण झालं होतं का?

"भांडन नही झायं. बोलनंच नव्हतं, तं भांडन कसं व्हई?" मग तांब्या बाजूला सारून, "ती रातले काहीतरी सांगाले लागे. मी म्हनू, झोप आते. रोज म्हनू. काय सांगती होती, मले अजून माहीत नही शे."

धुळ्याला स्टँडवर उतरायचं, चहा घ्यायचा, त्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं. तिथून भावाच्या घराचं हिरवं दार दिसतं. मग परत फिरायचं.

"दारात जाऊन काय बोलू?" त्यांनी मला विचारलं. सगळ्या मिलच्या गोष्टींतल्या बायकांची वाक्यं तपासणारा हा माणूस.

सुमन म्हणाली, "तुम्ही कशाला बोलायचं? तिने सांगायचं राहिलंय ना? ते विचारा."

नानांनी फणी पुढे ओढली. केळं सोलून खाल्लं. काळं पडलेलंच. दुसऱ्या दिवशी थप्पीमागे सुभाषची नवी गोष्ट आली. नानांनी अंगठा घातला, वाचलं आणि म्हणाले, "नवरा दौऱ्यावरून आला वाटतं या खेपेला." सुभाष म्हणाला, "हो ना, तुम्हीच म्हणत होता." त्याला चालेल मिळालं. त्याने दोन दिवस सगळ्यांना चहा पाजला.

त्याला आता काही वर्षं झाली. सुभाषने लिहिणं सोडलं, व्हिडिओ पार्लर आलं तेव्हा गोष्टी फिरणंही बंद पडलं. आम्ही अजून त्याच खोलीत आहोत. नाना अजून धुळ्याला जातात आणि केळी अजून परत येतात. मी दर वेळी मनात म्हणतो, या खेपेला बरोबर जाईन, आणि दर वेळी भिऊन राहतो. दार उघडलं आणि अक्का काहीच बोलल्या नाहीत तर?

पण खोलीचं देणं असंच फिटेल, हे मला कळलंय. एका रविवारी मी नानांबरोबर एसटीत बसेन. केळी मी धरीन, सावलीच्या बाजूला. कोपऱ्यावर ते थांबले तर मी त्यांचा सदरा ओढीन. त्या हिरव्या दाराची कडी मी वाजवीन. तिथून पुढे मी काही बोलणार नाही. विचारायचं ते नाना विचारतील.