अध्यक्षसाहेब बॅचलर होतात

"तर मंडळी, प्रश्न वातावरणाचा आहे," असं म्हणून दत्तप्रसाद रिसबुडांनी अर्धा सामोसा बशीत परत ठेवला. अध्यक्षांनी सामोसा अर्धा ठेवला, त्या अर्थी विषय गंभीर असणार, हे कमिटीने ओळखलं. कमिटी तिघांचीच होती. अध्यक्ष दत्तप्रसाद, सेक्रेटरी प्रशांत आणि कुठल्याही ठरावाला हात वर करणारा जयेश. बहरीनमधल्या जनाबियातल्या त्या कंपाऊंडचा कारभार हे तिघे स्विमिंग पूलशेजारच्या हॉलमध्ये, एसीच्या गारव्यात बसून बघत आणि आपण एखादं शहर चालवतोय अशा थाटात बघत.

कंपाऊंडमध्ये पुढे व्हिला होते आणि त्यांत फॅमिल्या राहत. मागे तीन मजली बिल्डिंग होती. तीही एकेकाळी फॅमिल्यांचीच होती, पण मंदी आली, कंपन्यांनी माणसं कमी केली, घरं रिकामी पडायला लागली, तेव्हा मालकाने एकेका घराच्या छोट्या छोट्या खोल्या करून ती बॅचलरांना देऊन टाकली. बहरीनमध्ये बॅचलर म्हणजे बिनलग्नाचा असं कुणी समजत नाही. ज्याची बायको इथे नाही तो बॅचलर, मग गावाकडे त्याला नातवंडं का असेनात. हे बॅचलर संध्याकाळी कामावरून आले की थेट पूलमध्ये उतरत, उड्या मारत, गाणी म्हणत आणि एकूण फारच मजा करत. ही मजा कमिटीला खुपत होती.

"फॅमिल्यांना मोकळेपणा मिळत नाही," दत्तप्रसाद म्हणाले. "म्हणून ठराव असा. सकाळ-संध्याकाळ पूल आणि हॉल फक्त फॅमिल्यांसाठी. बॅचलरांनी दुपारी एक ते तीन पोहावं."

दाराजवळच्या खुर्चीवर मागच्या बिल्डिंगतर्फे इक्बाल मुकादम बसले होते. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, एका वर्कशॉपमध्ये फोरमन, आवाज भरदार. ते उठून उभे राहिले.

"साहेब, दुपारी एकला? बहरीनमध्ये? त्या टायमाला सरकार मजुराला पन उन्हात काम करू देत नाय, आनि तुमी आमाला पोहायला लावताव?"

"पाणी काय हो, कुठल्याही वेळी पाणीच असतं."

"आनि मी बॅचलर कसा? माझी बायको हाय, तीन पोरी हायेत, दोन जावई हायेत."

"बायको कुठे आहे?"

"गावाला."

"मग झालं तर! प्रशांत, लिहून घ्या. ज्याची फॅमिली प्रत्यक्ष कंपाऊंडमध्ये हजर नाही तो बॅचलर. आणि हा ठराव बदलायचा असेल तर तो याच हॉलमध्ये बसून, फॅमिलीवाल्यांच्याच मतांनी बदलायचा. उगाच व्हॉट्सअॅपवर सह्यांची मोहीम नको."

जयेशने हात वर केला. ठराव पास झाला.

आता खरी गोष्ट सांगायला हरकत नाही. वातावरण, मोकळेपणा वगैरे सगळं झूट होतं. दत्तप्रसादांना पोहायला शिकायचं होतं. त्यांची बायको मेधा सांगलीची, कृष्णेत डुंबत लहानाची मोठी झालेली. ती पूलमध्ये सपासप फेऱ्या मारी आणि दत्तप्रसाद काठावर बसून पाय पाण्यात सोडत. "अहो, या की आत, इकडे कंबरभर तर पाणी आहे," असं ती सगळ्यांसमोर म्हणे, आणि लोक हसत. एवढ्या मोठ्या कंपनीचे चीफ अकाउंटंट, वय चोपन्न, आणि हे ऐकून घ्यायचं! मेधा जुलैत उन्हाळ्याची सुट्टी लागली की माहेरी जाई. तेवढ्या दोन महिन्यांत गुपचूप शिकायचं आणि ती परत आली की तिच्या डोळ्यांदेखत पूल पार करायचा, असा त्यांनी चंग बांधला होता. पण बॅचलरांच्या त्या गर्दीसमोर कंबरेला ट्यूब बांधून हातपाय मारायचे म्हणजे कंपाऊंडला फुकटचा तमाशा. जुलैत फॅमिल्या गावाला जाणार, बॅचलर ठरावाने बाहेर, म्हणजे अख्खा पूल आपला एकट्याचा. या हिशेबावर ते इतके खूश होते की त्या रात्री त्यांनी पलंगावर पालथं पडून पाय मारून पाहिले.

मेधाला विमानतळावर सोडून आल्याच्या दुसऱ्याच सकाळी अध्यक्ष नवी चड्डी, पोहण्याचा नवा चष्मा आणि निळी ट्यूब अशा थाटात पूलवर हजर झाले. गेटवर हलीमा उभी होती. हलीमा म्हणजे मालकाने नेमलेली मॅनेजर, बहरीनचीच. बॉलिवूडच्या कृपेने हिंदी फर्डं बोलायची आणि नियमांना कुराणाखालोखाल मानायची.

"सबाह अल खैर, दत्ता साब. मॅडम किधर?"

"मॅडम इंडिया गया."

"फॅमिली मफी? फॅमिली नहीं?" हलीमाने गेटवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटी अध्यक्षांच्या सहीची होती. "तो आप बॅचलर. एक बजे आना."

"अरे, मैं चेअरमन है!"

"चेअरमन बॅचलर," हलीमा शांतपणे म्हणाली आणि तिने गेटची कडी घातली.

दुपारी एक वाजता दत्तप्रसाद आले. पूलवर चिटपाखरूही नव्हतं, कारण बॅचलर सगळे कामावर होते आणि कामावर नसते तरी वेडे नव्हते. फरशीवर पाऊल टाकताच अध्यक्षांनी आयुष्यात कधी केला नव्हता असा नाच केला आणि नाचत नाचतच पायऱ्या गाठल्या. पाण्यात पाय घातला तर अंघोळीसाठी तापवून, विसणायचं राहून गेल्यासारखं पाणी. ट्यूब काठावर ठेवली होती, ती फटकन फुटली. घरी येऊन त्यांनी तळपायांना तूप लावलं आणि सेक्रेटरीला फोन केला.

"प्रशांत, ठराव रद्द करायचाय. ताबडतोब मीटिंग."

"सर, माझीही मिसेस काल गेली. आणि जयेशची परवा."

"मग?"

"मग आपल्याला हॉलमध्ये सोडणार नाहीत. आणि ठराव हॉलमध्येच, फॅमिलीवाल्यांच्याच मतांनी बदलता येतो. तुम्हीच म्हणालात, लिहून घ्या."

तरीही तिघे हलीमाला भेटायला गेले. तिने त्यांना आत घेतलं नाही, पण बाहेर पाणी दिलं. दत्तप्रसादांनी शेवटचा उपाय म्हणून मेधाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हलीमासमोर धरला. "ये देखो, फॅमिली. प्रेझेंट."

"अहो, काय चाललंय?" फोनमधून मेधा म्हणाली. "मी आईला चहा देतेय. आणि ही बाई कोण?"

"ही हलीमा. तू फक्त हॅलो म्हण."

"मी गेल्याला चार दिवस झाले नाहीत तोवर ही हलीमा कोण?"

दत्तप्रसादांनी घाईघाईने फोन बंद केला. त्यामुळे सांगलीत जो काही समज व्हायचा तो पक्का झाला आणि पुढचे तीन दिवस त्यांचा प्रत्येक फोन सासूबाईंनीच उचलला. हलीमाला व्हिडिओवरची फॅमिली मान्य नव्हतीच. ठरावात 'प्रत्यक्ष हजर' असं लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात इक्बाल मुकादमांच्या दारात मोठाली बॅग, आमसुलांची पिशवी आणि महमुदा अशा तिन्ही गोष्टी एकदम उतरल्या. धाकटी मुलगीही लग्न होऊन गेली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच महमुदा व्हिजिट व्हिसावर नवऱ्याकडे आली होती. संध्याकाळी दोघं पूलवर गेली, तेव्हा हलीमाने स्वतः गेट उघडून धरलं. इक्बालनी खाडीत मारावी तशी उडी मारली, आणि अख्ख्या कंपाऊंडमधला एकमेव फॅमिलीवाला पाण्यात उताणा पडून आभाळाकडे बघत राहिला. ते दृश्य दत्तप्रसादांनी स्वतःच्या बाल्कनीतून बघितलं आणि त्यांचा जीव जळला.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून ते मागच्या बिल्डिंगमध्ये गेले. इक्बालनी त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हनजे आता मत देनारा फक्त मीच उरलो?" त्यांना हसू आवरेना. "चला, करू या तुमचा ठराव रद्द. आमची पोरं पन दुवा देतील."

मीटिंग रीतसर झाली. हॉलमध्ये एसीत इक्बाल आणि महमुदा समोरासमोर बसले. काचेच्या दाराबाहेर अध्यक्ष, सेक्रेटरी आणि जयेश नाकं टेकवून उभे राहिले. आतून इक्बालचा आवाज आला, "ज्यांना ठराव रद्द व्हावा वाटतो त्यांनी हात वर करा." त्यांनी स्वतःचा हात वर केला. बाहेर जयेशनेही केला, पण तो धरला गेला नाही.

"माझा विरोध हाय," महमुदा म्हणाली.

"काय?"

"बावीस वर्सं मी एकटीनं काढली. आता दोन महिने मला तुमच्याशी निवांत बोलायला जागा गावलीय, तर तिथं ती चाळीस पोरं बोलावताव? मी जाईपर्यंत नाय."

मतं समसमान पडली. मीटिंग चालवणारे म्हणून निर्णायक मत इक्बालचं होतं, पण ते द्यायची त्यांची छाती झाली नाही. ते बाहेर आले आणि म्हणाले, "साहेब, घरात ऱ्हायचंय मला."

दत्तप्रसाद तिथेच पायरीवर बसले. त्यांचा चेहरा पाहून महमुदाला राहवलं नाही. "येवढं काय अडलंय वो तुमचं त्या पान्यावाचून?"

आणि काय झालं कोण जाणे, जे त्यांनी मेधालाही सांगितलं नव्हतं ते अध्यक्षांनी भडाभडा सांगून टाकलं. काठावर बसणं, लोकांचं हसणं, पलंगावरचे पाय, सगळं. "मला तिला एकदा दाखवायचंय हो," ते म्हणाले. "बाकी काही नाही. आणि तुमच्या पोरांना मी बाहेर काढलं ते केवळ माझी लाज झाकायला. चुकलंच माझं."

महमुदा पदराआड खुदखुदली, मग गंभीर झाली आणि गेटवर उभ्या असलेल्या हलीमाकडे वळली. "ये मेरा भाई हाय."

हलीमाने आधी महमुदाकडे पाहिलं, मग शर्टाच्या गळ्यातून जानवं दिसत असलेल्या दत्तप्रसादांकडे पाहिलं. "भाई?"

"भाई."

"भाई फॅमिली," हलीमा म्हणाली आणि तिने गेट उघडलं. "यल्ला, दत्ता साब."

"आणि आम्ही?" प्रशांत आणि जयेश एकदम ओरडले.

"येवढे भाऊ माझ्या आयशीला झाले नव्हते," महमुदा म्हणाली.

मग रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. महमुदा काठावर बसून कोळंबीच्या भावापासून जावयांपर्यंत सगळ्याचा समाचार घेई, आणि इक्बाल पाण्यात उभे राहून अध्यक्षांच्या पोटाखाली हात धरत. "दत्ताभाव, पान्याशी वाद घालू नका. ही मीटिंग नाय. सोडा अंग." दत्तप्रसाद बुडत, खोकत, शपथा घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. मागच्या बिल्डिंगच्या खिडक्यांत बनियन घातलेली पोरं कोपर टेकवून उभी राहत. पहिल्या दिवशी ती मनसोक्त हसली. आठवडाभराने "पाय मारा, पाय!" असं सांगायला लागली. आणि ज्या संध्याकाळी अध्यक्षांनी आधाराशिवाय चार हात मारले, त्या संध्याकाळी तिन्ही मजल्यांवरून शिट्ट्या पडल्या. दत्तप्रसादांना त्या शिट्ट्यांनी कंपनीतल्या प्रमोशनपेक्षा जास्त आनंद झाला. लगेच पाठोपाठ, ही पोरं इतक्या उकाड्यात खिडकीत का उभी आहेत तेही आठवलं आणि ते शरमले.

महमुदा जायच्या आठवड्यात तिनेच मीटिंग बोलावली. हॉलमध्ये दोघांचेही हात वर गेले.

"आता कसा काय पाठिंबा?" इक्बालनी विचारलं.

"मी गेले की तुमी परत बॅचलर. मग काय भर दुपारी उकडून घ्याल स्वतःला?" ती म्हणाली आणि घाईने खिडकीबाहेर बघायला लागली. इक्बालनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. काचेबाहेर तिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि हलीमाने पाटी उतरवून कचऱ्यात टाकली. "खलास."

त्याच रात्रीच्या विमानाने मेधा आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दत्तप्रसाद तिला मोठ्या रुबाबात पूलवर घेऊन गेले आणि गेटमध्येच थबकले. दोन महिने तहानलेली मागची बिल्डिंग अख्खीच्या अख्खी पाण्यात उतरली होती. प्रशांत होता, जयेश होता, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली होती. पोहणं सोडाच, पाण्यात वळायलाही जागा नव्हती.

"अहो, काय दाखवणार होतात?" मेधाने विचारलं. महमुदाने तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

दत्तप्रसाद पायऱ्यांवरून पाण्यात उतरले आणि गर्दीत नुसतेच उभे राहिले. दोन महिन्यांची मेहनत, तळपायाचे फोड, सासूबाईंचे टोमणे, सगळं या गर्दीत बुडणार असं त्यांना दिसलं. त्यांचे डोळे भरून आले. सुदैवाने पोरांनी उडवलेल्या पाण्याने चेहरा आधीच ओला होता.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून इक्बालचा भरदार आवाज आला. "ए पोरांनो, सरका! दत्ताभाव पोहतायत!"

गाणी थांबली. खांद्यावरची पोरं खाली उतरली. सगळीजण दोन्हीकडे सरकून भिंतींना चिकटली आणि मधोमध या काठापासून त्या काठापर्यंत निळं, रिकामं पाणी उघडं पडलं. दत्तप्रसादांनी एकदा मेधाकडे पाहिलं, श्वास घेतला आणि अंग सोडलं. शैली कुठलीच नव्हती. पाणी जितकं मागे जात होतं तितकंच वर उडत होतं. "पाय मारा, पाय!" असा चाळीस कंठांतून गजर चालला होता. मध्यावर ते थोडे बुडाले, सगळा पूल श्वास रोखून थांबला, आणि ते वर आले. पलीकडच्या काठाला त्यांचा हात लागला तेव्हा जो जल्लोष झाला तो ऐकून शेजारच्या कंपाऊंडमधले लोक गच्चीवर आले.

धापा टाकत, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मागे वळून पाहिलं. मेधा उभी राहिली होती. ती हसत होती आणि ओढणीने डोळेही पुसत होती.

"छान जमलं की हो!" ती तिकडून ओरडली. "पण ही तर रुंदी झाली. लांबी कधी?"

दत्तप्रसादांनी लांबीकडे पाहिलं. लांबी फार लांब होती. त्यांनी काही बोलण्याच्या आतच शेजारून इक्बाल ओरडले, "सरका रे, परत सरका! आता उभं जायचंय!"