गावातली सर्वांत श्रीमंत बाई

मळेवाडीत उत्पन्नातील विषमतेबाबत जनजागृती करण्याचा आदेश आला, तेव्हा ग्रामसेवक मानसिंग यांनी गावातला सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब माणूस एकाच व्यासपीठावर बसवायचं ठरवलं. निवड अर्थातच कागदोपत्री पुराव्यानं.

दगडाबाई कुपवाडच्या एका कारखान्यात झाडलोट करायची. पगार महिन्याला बारा हजार, थेट बँकेत. गावातले बाकीचे उत्पन्नाचे दाखले वर्षाला चाळीस-पन्नास हजारांचे. अठरा एकर ऊस असलेल्या नानासोंचा तर एकवीस हजारांचा.

"अभिनंदन, दगडाबाई. गावात सर्वांत श्रीमंत तुम्हीच," मानसिंग सांगायला आले.

"आवं सायेब, माझं घर पत्र्याचं हाय."

"घराचा रकाना वेगळा आहे."

कामावर खाडा करून ती कार्यक्रमाला गेली. कडक इस्त्रीतले नानासो आले तशी ती सवयीनं उठून उभी राहिली. मानसिंगांनी तिला पुन्हा गादीच्या खुर्चीत बसवलं. तालुक्याहून आलेले पाहुणे श्रीमंतांच्या असंवेदनशीलतेवर तासभर बोलले, तिच्याकडेच बघत. आपलं काहीतरी चुकलंच असणार, असं वाटून दगडाबाईनं मान खाली घातली. मग तिच्या हस्ते नानासोंना घोंगडं आणि धान्याचा संच देण्यात आला.

"वाईट वाटून घिऊ नगंस," नानासो हळूच म्हणाले. "कागदाचं काम हाय."

"व्हय जी," ती म्हणाली. संच नानासोंच्या ड्रायव्हरनं गाडीत ठेवला.

अहवाल वर गेला आणि पुढच्या महिन्यात दगडाबाईचं रेशन बंद झालं. ती तलाठ्याकडे गेली.

"मलाबी एकवीस हजाराचा दाखला द्या."

"जमीन किती?"

"न्हाई."

"मग उत्पन्न कमी दाखवू कशातनं? तुमचा तर सगळा पगार दिसतोय." तलाठी माणूस भला होता. विचार करून त्यानं एक कोरा अर्ज काढून दिला. "तुमच्याहून जास्त कमावणाऱ्या पाच जणांच्या सह्या आणा. सहीपुढं ज्यानं त्यानं आपलं खरं उत्पन्न लिहायचं."

दगडाबाई तीन रविवार घरोघर फिरली. सगळे हळहळले. किराणा दुकानवाल्या रंगूबाईंनी चहा दिला, नानासोंनी पायरीवर बसवून विषमता कशी वाढलीय ते समजावलं. पेन मात्र कुणाला सापडेना.

अर्ज अजून कोराच आहे. गावाबाहेरच्यांची सही चालेल, असं तलाठी म्हणतो. तेव्हा वाचकहो, पेन तुमच्याकडे असेलच.