आमच्या घरातले ध्यान

मनुष्याला शांततेची नितांत गरज असते, आणि एका मनुष्याच्या शांततेसाठी आणखी चार मनुष्यांची गरज असते. हे सत्य सबंध कुलाबा जिल्ह्यात प्रथम आमच्या घरी सिद्ध झाले.

आमच्या अण्णांइतका, म्हणजे माझ्या वडिलांइतका, कामात बुडालेला गृहस्थ पनवेलात दुसरा नाही. ते वाचनालयाचे चिटणीस, उत्सव समितीचे खजिनदार आणि एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांचे हितचिंतक आहेत. (दोन्ही पक्षांना हे ठाऊक आहे. त्यांचेही तसेच चालते.) अशा माणसाच्या मनाला विसावा हवा, म्हणून त्यांनी रोज सकाळी अर्धा तास ध्यानाला बसायचे ठरवले. निर्णय त्यांनी एकट्याने घेतला. अंमलबजावणी मात्र उदारपणे आम्हा सर्वांत वाटून दिली.

आईकडे फोडणी खाते आले. फोडणी द्यावी, पण ती चुरचुरता कामा नये. आई कढईवर झाकण ठेवी, झाकणावर पाटा ठेवी आणि श्वास रोखून उभी राही. (श्वास हा विषय वास्तविक अण्णांकडे होता.) गल्लीतून जाणाऱ्या बैलांच्या घुंगरांत पेंढा कोंबण्यात आला. बैलांनी हरकत घेतली नाही. शेजारच्या नझीरचाचांकडे, कोंबड्याला तोंडी समज देण्याची विनंती घेऊन मला धाडण्यात आले, तेव्हा चाचा म्हणाले, "सांगून बघतो बेटी. पण आमच्या घरात माझं कोंबडीच्या पिल्लानंही कधी ऐकलं नाही, हा तर कोंबडा!"

राहिली हौसा. ती विचुंब्याहून बोंबील घेऊन येते आणि गल्लीच्या तोंडापासून ओरडत येते. आईने तोंडावर बोट ठेवून तिला पायरीशीच थांबवले.

"काय गो बाय, घरान कोन आजारी हाय?"

"आजारी नाही गं. आमचे हे ध्यान करतात."

हौसाने दारातून आत डोकावून पाहिले. अण्णा उघड्या अंगाने, कानाला मफलर गुंडाळून बसले होते.

"ध्यान त हायेतच ते," ती म्हणाली, "आनखी करतान काय?"

आईने पदर तोंडात कोंबला. (घुंगरांतला उरलेला पेंढाही तेव्हा उपयोगी पडला असता.)

"आनि मी बोंब नाय मारली त बोंबील इकू कशे?"

पण तिने विकले. दारोदार जाऊन ती कानात 'बोंबील' म्हणू लागली. माल चोरीचा असावा अशी सर्वांची खात्री पटली आणि टोपली आमच्या गल्लीतच संपू लागली. ध्यानामुळे समाजाचे कल्याण होते ते असे.

आता माझे. मी दमयंती, इयत्ता अकरावी. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती, विषय 'मौनाचे महत्त्व', आणि अध्यक्ष अण्णा. माझे भाषण अण्णांनी आजवर एकदाही ऐकलेले नाही. मी बोलायला उभी राहिले की त्यांची कुठेतरी सभा असते. यंदा ते खुर्चीत बसलेले असणार, म्हणजे पळून जाणार कुठे! पण सरावाला वेळ मिळे तो नेमका सकाळचा. तेव्हा मी परसात उभी राहून नुसते ओठ हलवून सराव केला. त्यावरही आई आतून खुणावे, "हात जपून गं, वारा लागेल त्यांना!"

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच लोकल बोर्डाचे कुणी साहेब घरी आले आणि ध्यान राहून गेले. अण्णा नेमाचे पक्के. घंटा झाली आणि त्यांनी व्यासपीठावरच डोळे मिटले.

हेडमास्तर घाबरले. स्पर्धा रद्द करता येईना, आवाज करता येईना. तेव्हा विषयाला धरून स्पर्धा मौनातच घ्यावी असे सर्वानुमते ठरले. (कुणी बोललेच नाही, म्हणून सर्वानुमते.)

पहिला काशिराम. त्याचा आवाज पळस्प्याच्या नाक्यापर्यंत जातो. तो नुसता तोंड उघडून उभा राहिला आणि घाम पुसत खाली बसला. मग मी उठले. माझा तर सराव झालेला! ओठ, भुवया, हात, सगळे असे चालले की मागच्या रांगेतले खोकणारेही थांबले. पण शेवटच्या वाक्याला मी अण्णांकडे पाहिले. मान छातीवर, मफलर सुटलेला. इतके सुंदर भाषण आणि तेही ऐकू जाणार नाही? माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेले,

"अण्णाऽऽ!"

अण्णा ताडकन उठले आणि म्हणाले, "अनुमोदन!"

मौनभंगाबद्दल मला बाद करण्यात आले. पहिले बक्षीस काशिरामला. अण्णांनी त्याची पाठ थोपटली, "छान बोललास हो."

घरी येताना मी विचारले, "माझं ऐकलंत?"

"ऐकलं की. आवाज खणखणीत आहे तुझा." थोडे चालून ते म्हणाले, "सकाळी तेवढा जरा सांभाळ."

तर असे. आता तुम्ही. इतका वेळ तुम्ही हे निवांत वाचलेत. कढई वाजली नाही, पोर रडले नाही, दारावर कुणी ओरडले नाही. म्हणजे आत कुणीतरी फोडणीवर पाटा ठेवून, श्वास रोखून उभे आहे. एकदा हाक मारून विचारा, "बाहेर कोण बसलंय?"

उत्तरात जे ध्यान येईल, ते तुम्ही.