बेंदराची मोटार

बैल नसलेल्या माणसानं बेंदराच्या भानगडीत पडू नये. (बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा.) पण ऐकेल तो कृष्णात सुभेदार कसला! उभी हयात फौजेचे ट्रक हाकून गडी पलूसला ऊस करायला आला, आणि फलटणकडच्या कुणा जहागीरदाराच्या गाडीखान्यातून एक काळी, म्हातारी मोटार घेऊन आला. तिची बॅटरी सहा व्होल्टची. (आताच्या गाड्यांना बारा लागतात. ही बिचारी अर्ध्या भाकरीवर जगणारी.) रोज सकाळी तो सेल्फ मारायचा, मोटार घुरघुरायची आणि सुभेदार देवळात उभा राहिल्यासारखा हात जोडायचा.

"सत्तर वर्सं झाली तिला. आवाज ऐक, आवाज!" असं बायकोला सांगताना तो बॉनेटवरून हात फिरवायचा.

मनुबाईला त्या आवाजाचं काही नव्हतं. तिला पडली होती मोटार उभी असलेल्या शेडची. तिची नवी मुऱ्हा म्हैस बाहेर पावसात भिजत होती.

"बेंदराला सगळ्यांची जनावरं वेशीपतूर जात्यात," तिनं एक दिवस निकाल दिला. "तुमची मोटार बी जाऊ द्या. धक्का न्हाई, हँडल न्हाई. बैलाला कोण ढकलत न्हाई. जाऊन आली तर शेड तुमचं. न्हाई गेली, तर माझ्या म्हशीचं. हाय कबूल?"

"कबूल! फौजी शबुद हाय!"

इथवर ठीक होतं. पण सुभेदाराच्या मनात आलं, बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात, मग आपल्या मोटारीनं काय घोडं मारलंय? झालं! ऑइल पेंटचे डबे आले. बंपर लाल झाले, चाकांवर पिवळे पट्टे आले, बॉनेट उघडून इंजिनसुद्धा हिरवंगार झालं. फौजी माणसाच्या हातात ब्रश दिला की तो थांबत नाही. (तिथं झाडांच्या बुंध्यांनाही गेरू-चुना लावतात म्हणे.) इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या तारांची एक जाड वेणी असते. सुभेदारानं तीही सोडली, खालची जागा झकास रंगवली आणि रंग वाळल्यावर वेणी पुन्हा घट्ट आवळली.

बेंदराच्या दिवशी हलगी कडाडली, बैल वेशीकडं निघाले. मोटारीच्या टपावर झूल पडली, हार पडला. मनुबाईनं रीतसर ओवाळलंही. सुभेदारानं मिशीला पीळ दिला, आत बसला आणि सेल्फ मारला.

"घर्र... घ... टिक्."

"बॅटरी उतरली आसंल, काका," शेजारचा शिवतेज म्हणाला. (त्याच्या घरी दोन ट्रॅक्टर, त्यामुळं ज्ञानही दुप्पट.) "माझ्या ट्रॅक्टरची लावू का? बाराची हाय."

"खुळा का काय रं! बारा दिलं तर दिवं उडतील तिचं. तान्ह्या पोराला बुंदीचा लाडू चारतंय का कोण?"

सुभेदारानं हॉर्न दाबला. तो असा कोकलला की पुढचा बैल उधळला. म्हणजे बॅटरीत जीव होता. टोकं घासली, आवळली, पुन्हा सेल्फ मारला. "टिक्." मनुबाई गुपचूप म्हशीचं दावं सोडायला निघाली.

मग मात्र सुभेदारानं सेल्फ दाबूनच धरला, आणि पुढच्या बटणापासून इंजिनापर्यंत गेलेल्या चोकच्या तारेतून भसाभसा धूर निघाला. त्यानं चोकचं बटण धरलं आणि "आई गं!" करून बोटं तोंडात घातली.

"पेटली! पेटली!" मनुबाई घागर घेऊन धावली.

"थांब, वतू नगं!" सुभेदार बोटं फुंकत तारेकडं बघत राहिला. "चोकची तार नुसती वढायची, तिच्यातनं करंट जायाचं कामच न्हाई. मग ही तापली कशानं?"

"तुमच्या करणीनं!"

बाई चिडून बोलली, पण बोलली ते खरं होतं. सुभेदाराचे डोळे विस्फारले.

"अगं, बॅटरीतनं निघाल्याला करंट माघारी घरला बी जायाला लागतो! सहा व्होल्टाला जोर कमी, त्याला वाट रुंद आन् सोच्छ पायजे. पाटात गवात माजल्यावर पाणी शेवटच्या सरीला पोचतंय व्हय? त्या वेणीखाली मीच रंगाचा बांध घातलाय! ते बिचारं चोकच्या बोळातनं चेंगरत घरला चाललं व्हतं!"

वेणी सुटली. पॉलिश पेपरनं रंग खरवडून लोखंड लख्ख झालं. वेणी पुन्हा बसली. हलगीवालाही वाजवायचा थांबला. सुभेदारानं डोळे मिटून सेल्फ मारला, आणि मोटार पहिल्या हाकेला ओ देऊन उठली!

म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मनुबाईचे हात आपोआप जोडले गेले. "आगं बया! एवढ्याशा डबीत एवढा जीव!" ती पुटपुटली. सुभेदाराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते लपवायचं त्याला भानही नव्हतं. बैलांच्या मागून मोटार डौलात वेशीपर्यंत गेली आणि धक्क्याबिगर परतही आली.

अंगणात शिरताना सुभेदाराची छाती इंजिनापेक्षा मोठी झाली होती. शेड झाडून स्वच्छ होतं. आत हार होता, दिवा होता. आणि कोपऱ्यात त्याची खाट, वाकळ, तांब्या.

"ह्ये काय?"

"शेड तुमचं. शबुद म्हंजे शबुद," मनुबाई म्हणाली.

"मग म्हस?"

तिनं सोप्याकडं बोट केलं. रोज जिथं सुभेदाराची खाट असायची तिथं, त्याच्याच पंख्याखाली, म्हैस निवांत रवंथ करत बसली होती.

"तिला बी कुटंतरी निवारा नगं का? आन् खरं सांगू का, रागावू नगा," मनुबाई मायेनं म्हणाली, "ती घोरत न्हाई."