टोमॅटोराणीचं वाक्य

एबो क्वान्साने ठरवलं होतं, की सत्तर पानांचा अहवाल चहा निवायच्या आत दोन पानांत बसवायचा. धोरण-संशोधन म्हणजे दुसरं काय असतं? घानाच्या राजधानीचा, अक्राचा टोमॅटोबाजार शहराबाहेर हलवावा का, एवढाच तर प्रश्न होता. बाजार हपिसाच्या फाटकासमोरच भरायचा, पण तिथं जायचं म्हणजे ऊन, चिखल आणि माणसं. त्यापेक्षा एआय बरं. त्याला घाम येत नाही आणि ते उलट बोलत नाही. शिवाय हे टिपण मंत्रालयाला आवडलं, तर एबोची तीन वर्षं लोंबकळलेली नोकरी कायम होणार होती.

टिपण आलं, आणि आलं तेही फक्कड. मधोमध खुद्द टोमॅटोराणीचं वाक्य होतं, "आम्ही आनंदाने जाऊ." टोमॅटोराणी म्हणजे आंटी सेरवा. बाजारातला टोमॅटोचा भाव ठरायचा तो त्यांच्या शब्दावर आणि भांडणं मिटायची तीही त्यांच्याच शब्दावर.

संचालिका दान्सोआ मॅडम हरखल्या. "हे तर सोनं आहे, एबो. फाटकावर या वाक्याचा फलक लाव. चांगला मोठा."

लावला. बाजाराकडे तोंड करून.

फलक चढल्यावर मग एबोच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं एआयला विचारलं, "हे राणी नक्की कधी बोलली?"

उत्तर आलं, "क्षमस्व, ते वाक्य नमुन्यादाखल होतं. याहून प्रभावी वाक्य देऊ का?"

तो शिडी शोधायला धावला, तर फाटकातून आंटी सेरवाच आत येत होत्या. मागे बारा बायका. मंत्रालयाचे साहेब टिपण घेऊन नुकतेच खुर्चीत टेकले होते.

पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, मग येण्याचं कारण विचारायचं. हा रिवाज मोडायची छाती कुणाची? पाणी एबोनंच दिलं, त्यामुळे विचारणंही त्याच्याच गळ्यात पडलं. "काय निमित्तानं येणं केलंत, आंटी?"

आंटींनी पेला सावकाश खाली ठेवला. "तीस वर्षं समोर बसते मी. या हपिसातनं आज पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारलं. आता तू सांग, मी आनंदानं कधी निघाले?"

साहेबांनी टिपण मिटलं. मॅडम म्हणाल्या, "एबो, तू भेटला होतास ना यांना?"

"मशीन भेटलं," एबो पुटपुटला.

"कुणाचं कोण म्हणायचं ते?" आंटींनी चौकशी केली. "आमच्याकडे आलं असतं तर त्यालाही पाणी दिलं असतं."

बारा बायका हसल्या, साहेबही हसले. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "उद्यापासून बाजारात बसायचं. सगळ्यांना विचारायचं. आणि नोकरी कायम हवी असेल, तर यांचं शिफारसपत्र आणायचं."

महिनाभर एबो बसला. आंटींनी त्याला नासके टोमॅटो निवडायला लावले, वर चाळीस बायकांचं म्हणणं त्यानं हातानं लिहून घेतलं. सगळ्यांचं उत्तर एकच होतं, नाही. हपिसाच्या खिडकीतून ओरडून विचारलं असतं तरी कळलं असतं.

शेवटच्या दिवशी आंटींनी पत्र हातात ठेवलं. 'एबो क्वान्सा हा अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू आणि विचारल्याशिवाय एक अक्षरही न लिहिणारा संशोधक आहे.' वाचता वाचता एबोचे डोळे भरून आले.

"आंटी, इतकं चांगलं बोललात माझ्याबद्दल?"

"मी कुठं? नातीच्या फोनमधल्या मशीननं लिहिलंय ते. मला तर विचारलंही नाही," आंटी टोमॅटो पुसत म्हणाल्या. "पण तुमच्या हपिसात चालतं ना असलं."