सिंकखालचं गिऱ्हाईक

दार उघडताच मालकीणबाई म्हणाल्या, "किती उशीर! गिऱ्हाईक यायची वेळ झाली. सिंक तिकडं आहे."

मास्तर दारातच थबकले. शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर घर विकत घ्यायला आले होते आणि अकराची वेळ फोनवर बाईंनीच दिली होती. आजवर नऊ घरं बघून झाली होती. फोनवर सगळीकडे "या, या", आणि दारात मास्तरांचा काळा रंग दिसला की "अरेरे, कालच विकलं हो!" महिनाअखेरीला भाड्याची खोली सोडायची होती. "हे घर काही हातचं घालवू नका," असं बायकोनं बजावून पाठवलं होतं. या गोऱ्यागोमट्या आळीत आपल्याला कुणी थेट स्वयंपाकघरात नेईल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. स्वभाव मुळात चौकस. बघू या पुढं काय होतं ते, म्हणून इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारून ते सिंकखाली शिरले.

"गळतंय ना?" बाईंनी वाकून विचारलं.

"गळतंय," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोक्यावरच गळत होतं.

"नुसती चिंधी बांधा. गिऱ्हाईक जाईपर्यंत टिकलं म्हणजे झालं. मागच्या भिंतीला ओल आहे, तिथं मी कपाट सरकवलंय. बोलायचं नाही हं कुणाला!"

"छे छे! आणि छप्पर?"

"अगंबाई, तुम्हाला कसं कळलं? सात महिन्यांत इकडं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. चाळीस सांगतेय, पण तीसलाही देऊन टाकीन. लेकीकडे जाऊन राहायचंय मला."

"कुणालाही द्याल?"

"कुणालाही म्हणजे… माणूस बघून. तुम्ही भले आहात हो, पण तुमच्यातलं कुणी आलं तर शेजारी बोलतात."

मास्तरांना राग आला, चांगलाच आला. पण तो त्यांनी गिळला. चाळीस त्यांच्या आवाक्याबाहेर होते, तीस परवडत होते.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक गोरा, गुबगुबीत गृहस्थ, हातात बॅग. बाईंचा आवाज एकदम मधाळ झाला. "या साहेब, बसा! कॉफी घेणार ना? ऊन बघा कसं छान येतं."

साहेबांनी कॉफी घेतली, चार बिस्किटं खाल्ली, ऊनही बघितलं. मग संकोचत म्हणाले, "घर झकास आहे, बाई. पण सिंक कुठंय? बाराला मला दुसरा नळ बघायचाय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. तिथून मास्तर ओलेचिंब होऊन येत होते.

"म्हणजे तुम्ही…"

"अकराचं गिऱ्हाईक."

"अय्या! पण घर ना… ते कालच…"

"काल कसं? सात महिन्यांत कुत्रं फिरकलं नाही म्हणालात ना? तीस देतो. ओल आणि छप्पर माझ्याकडे लागलं."

"देऊन टाका, बाई," प्लंबर पाचवं बिस्किट उचलत म्हणाला. "एवढं सगळं कळूनही घेणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

बाई मटकन सोफ्यावर बसल्या. "दिलं! पण आता शेजाऱ्यांना काय सांगू मी?"

"सांगा, प्लंबर आलाय," मास्तर डोकं पुसत म्हणाले. "काम फार मोठं निघालं, तो आता इथंच राहणार आहे."